दुसरं बिस्कीट

दोर्ड्रेख्त, शनिवार, १९ मार्च २०२२

प्रिय फेना आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटतंय. हे मला मोठ्यानं ओरडून सांगता आलं नसतं.

दोन बातम्या आहेत. आम्हाला घर मिळालंय. आणि बाळ राहिलं नाही. दोन्ही मंगळवारी, १५ तारखेलाच झालं. सकाळी दलालाचा फोन आला की बाईंनी तुम्हालाच घर द्यायचं ठरवलंय, आणि दुपारी ते दुसरं. दहा आठवड्यांचंच होतं. सुईणबाई म्हणाल्या की पुष्कळांचं असं होतं, तुझं काही चुकलेलं नाही. मी ठीक आहे. वेसल अजून आठवडाभर जहाजावरच आहे, त्याला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. आधी घराचं सांगितलं. तो इतक्या जोरात ओरडला की गाळ उपसणारी सगळी मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली, आणि मग मला उरलेलं सांगावं लागलं.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. तू कधी घर घेतलं नाहीस, त्यामुळे तुला माहीत नसेल, हल्ली नुसता आकडा देऊन भागत नाही. बंद पाकिटात आकडा द्यायचा आणि सोबत मालकाला एक पत्र लिहायचं, की आम्ही कोण, आम्हाला तुमचं घर का हवंय. फोटोसुद्धा लावतात लोक. मीही ११ तारखेला, शुक्रवारी, पत्र लिहिलं. मालकीण रोमाइनबाई म्हणून आहेत, एक्क्याऐंशी वर्षांच्या, नवरा गेलाय, मूलबाळ नाही. घर बघायला गेले होते तेव्हा त्यांनी मागची एक खोली दाखवली. छोटीशी, इस्त्रीचं टेबल ठेवलेली, खिडकीबाहेर भिंतीला टेकवून वाढवलेलं पेअरचं झाड. त्या म्हणाल्या, "ही खोली कायम कशाची तरी वाट बघत राहिली." ते माझ्या डोक्यात राहिलं. मी पत्रात लिहिलं, आम्ही तिघं त्या घरात येऊ, ऑक्टोबरमध्ये त्या खोलीत बाळ झोपेल.

आमच्यापेक्षा जास्त देणारे दोघं होते, आत्या. दलालानं मला स्वतः सांगितलं. बाईंनी त्यांना नाही म्हटलं.

काल करारावर सही केली. वेसलची सही त्याच्या भावानं केली, तसा अधिकार दिलेला होता. सही केल्यावर तीन दिवस असतात, तेवढ्यात काही कारण न देता माघार घेता येते. मंगळवारी ते संपतात. त्यानंतर माघार घेतली तर घराच्या किमतीचा दहावा भाग भरावा लागतो, म्हणजे आम्ही संपलोच.

इथलं भाड्याचं घर सप्टेंबरपर्यंतच आहे. मालकाला विकायचंय. चार वर्षांतलं हे आमचं तिसरं भाड्याचं घर. तरी वाटतं, सोडून द्यावं, अजून एखादं भाड्याचं शोधावं, जिना उभा असेना का.

तुझं पत्र येईपर्यंत तीन दिवस संपलेले असतील. कदाचित म्हणूनच तुला लिहितेय.

तुझी,
रेन्स्के


आपिंगेडाम, मंगळवार, २२ मार्च

लाडके रेन्स्के,

तुझं पत्र आत्ता दहा वाजता आलं. कॉफी थंड झाली, ती तशीच प्यायले. बाळाचं वाचून मला खूप वाईट वाटलं. मला शहाणपणाचं काही सुचत नाही, आणि सुचलं असतं तरी ते तुला नको असतं. नीट खा. सूप कर. एकटी आहेस म्हणून ब्रेड आणि चीजवर दिवस काढू नकोस, मी ओळखते तुला.

आता घराचं. माझं मत तुला पाठ आहे. मी त्रेपन्न वर्षं भाड्यानं राहतेय, पन्हाळ गळलं की एक चिठ्ठी टाकते, गुरुवारी माणूस शिडी घेऊन हजर. त्याला कॉफी द्यायची, एक बिस्कीट द्यायचं, विषय संपला. तुझ्या बापानं लोपरसमला घर घेतलं, आणि खालून गॅस काढून काढून जमीन हलायला लागली तेव्हा त्या घराला गेलेल्या भेगा मोजता मोजता त्याचं म्हातारपण गेलं. अकरा फायली होत्या त्याच्या. मी त्याला सांगत होते, घेऊ नकोस. ऐकलं नाही.

पण तुला एक सांगते. तू खोटं बोललेली नाहीस. शुक्रवारी तू पत्र लिहिलंस तेव्हा बाळ होतं. मंगळवारी नव्हतं. मधे जे झालं ते तू केलेलं नाहीस. खरं होतं तेव्हा खरं लिहिलंस, यात खोटेपणा कुठे आला? तेव्हा हे ओझं खाली ठेव. आणि घर नाकारायचंच असेल तर घराच्या कारणानं नाकार, त्या पत्राच्या कारणानं नको.

हे तुला गुरुवारी मिळेल, म्हणजे माझ्या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. नेहमीसारखाच.

तुझी आत्या,
फेना


दोर्ड्रेख्त, २ एप्रिल

प्रिय आत्या,

सूप केलं. दोनदा.

मी माघार घेतली नाही. मंगळवारी दिवसभर फोन समोर ठेवून बसले होते. पाच वाजले, दलालाचं ऑफिस बंद झालं, आणि मी उठून भांडी घासली. तेवढंच झालं.

तू लिहिलंस की खोटेपणा नाही. ते वाक्य मी वेसललाही वाचून दाखवलं. तो आता घरी आलाय, सहा आठवडे इथेच. तो म्हणाला, "बघ, आत्यालासुद्धा पटलंय, आणि आत्याला घराचं काही म्हणजे काही पटत नाही." तो फार सांभाळून वागतो माझ्याशी. मला चहा आणून देतो आणि कप ठेवताना आवाज होऊ देत नाही. मग खाली बसून कागदावर त्या घराच्या खोल्या काढतो, कुठे काय ठेवायचं ते. मागची खोली त्यानं कागदावर रिकामी ठेवली आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

मीही त्याच्याशी नीट बोलत नाही, आत्या. त्याच्याकडे मान वर करून बघवत नाही. त्याला वाटतं ते दुःखामुळे.

आणि ऐक. बुधवारी रोमाइनबाईंचं पाकीट आलं. मला वाटलं दिव्यांच्या नाहीतर पडद्याच्या दांड्यांबद्दल काही असेल, काय ठेवायचं, काय न्यायचं. आत भिंतीला लावायच्या कागदाचे दोन तुकडे होते. एकावर बारीक निळे पक्षी, दुसऱ्यावर पिवळ्या रेघा. लिहिलं होतं की मी जूनमध्ये वृद्धांच्या सदनिकेत जाणार, त्याआधी मागच्या खोलीला नवा कागद लावून घेते, माझा पुतण्या लावून देईल, खर्चाचं बोलायचं नाही, तुम्ही फक्त कोणता ते सांगा. एक्क्याऐंशी वर्षांची बाई घर सोडून चाललीय आणि माझ्यासाठी भिंतीला कागद लावतेय.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. काल दिलं. निळे पक्षी लिहिलं.

का लिहिलं मला विचारू नकोस.

रेन्स्के


आपिंगेडाम, ७ एप्रिल

रेन्स्के,

विचारणार नव्हतेच. मला ठाऊक आहे. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं.

पण पोरी, आता पुरे. त्या बाईला सांगून टाक. सरळ दोन ओळी. बाळ राहिलं नाही, तुमच्या आपुलकीबद्दल आभार. घर काही ती परत मागू शकत नाही, कायद्यानं करार पक्का झालाच आहे. ती हळहळेल, पुतण्याचा कागद लावायचा त्रास वाचेल, आणि तू माणसात येशील. नाहीतर मग आयुष्यभर तोंडाला कुलूप लाव आणि निळ्या पक्ष्यांत सुखानं राहा. पण हे मधलं लोंबकळणं तुला मानवणार नाही. तुझ्या बापाचंही असंच होतं, पोटात एक आणि ओठात एक, आणि मग रात्रभर पित्त.

खरं सांगायचं तर मी तुझ्या जागी असते तर गप्प बसले असते. म्हणून माझं ऐकू नकोस.

इथे ट्युलिप आलेत. बारा लावले होते, सात आलेत, पाच सशांनी खाल्ले. तेही आपलं नुकसान नाही, बाग भाड्याची आहे.

फेना


दोर्ड्रेख्त, रविवार, १५ मे

प्रिय आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. मी सांगितलं नाही, म्हणून तुला लिहायला तोंड नव्हतं.

काल पडद्यांची मापं घ्यायला त्या घरी गेले होते. वेसल परत जहाजावर गेलाय, म्हणून एकटीच. बाईंनी दार उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघितलं. मी सैलसा कोट घातला होता. मी तो मुद्दाम घातला होता, आत्या. इतका गरम दिवस होता की बसमध्ये लोक बघत होते.

त्यांनी कॉफी केली. डबा उघडला, मी एक बिस्कीट घेतलं, आणि कोणत्याही घरात एका बिस्किटावर डबा बंद होतो तसं झाकण लागायची वाट बघितली. झाकण लागलंच नाही. त्यांनी डबा माझ्या पुढ्यात सरकवला. म्हणाल्या, "घे गं, घे. तू दोघांचं खातेस." आतापर्यंत मला तुम्ही म्हणत होत्या, काल एकदम तू.

मी दुसरं बिस्कीट घेतलं. खाल्लं. तुला सांगते, माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी दुसरं बिस्कीट दिलेलं नाही, तूसुद्धा नाहीस. त्या बघत होत्या, इतक्या आनंदानं बघत होत्या की मी हसले. हसून "छान आहे" म्हणाले.

मागची खोली तयार आहे. पक्षी जोडणीवर थोडे तिरके आलेत, पुतण्याला उलटसुलट बोलल्या त्या. "याला सरळ रेघ दिसत नाही, याचा बापही तसाच." इस्त्रीचं टेबल बाहेर काढलंय. खोली रिकामी आहे आणि स्वच्छ पुसलेली.

मग मला संडासात जावं लागलं, आणि तिथे त्यांचं वाढदिवसांचं कॅलेंडर. तुझ्याकडे आहे तसलंच जुनं, वर्षानुवर्षं तेच राहणारं, पवनचक्क्यांची चित्रं असलेलं, दाराच्या आतल्या बाजूला. तू म्हणतेस ना, कुणाच्या संडासात आपलं नाव आहे त्यावरून आपली जागा कळते. मीही लगेच चाळलं. सगळी नावं शाईनं, गेलेल्या माणसांपुढे छोटा क्रूस. तीन ठिकाणी नुसता शाईचा ठिपका, नावच नाही, मला वाटलं कचऱ्याच्या गाडीची तारीख असेल. आणि पाच ऑक्टोबरला, पेन्सिलनं, हळू हातानं लिहिलेलं: रेन्स्के आणि वेसलचं बाळ.

तारीख मीच सांगितली होती पहिल्या पत्रात. सुईणबाईंनी दिलेली.

मी तिथे किती वेळ बसले मला माहीत नाही. बाईंनी दारावर टकटक केली, "बरं वाटतंय ना? पहिल्यांदा असंच होतं."

पडद्यांची मापं घ्यायची राहूनच गेली. दहा जूनला नोटरीकडे सह्या आहेत. मला ते घर नको, आत्या. आणि मला ते घर इतकं हवंय की मी ते बिस्कीट खाल्लं. दोन्ही खरं आहे.

रेन्स्के


आपिंगेडाम, १९ मे

माझी लाडकी रेन्स्के,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग फडताळातली तुझ्या बापाची फाइल काढली, अकरापैकी एक मी ठेवून घेतली होती. भेगांचे फोटो आहेत, प्रत्येकाशेजारी पट्टी धरलेली. पट्टी धरणारा त्याचा अंगठा दिसतो.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कुणालाही सांगितलेली नाही.

मी तुझ्या बापाला घर घेऊ नकोस असं कधीच म्हटलं नव्हतं. मीच त्याला घे म्हटलं होतं. १९९४ साली, माझ्या याच स्वयंपाकघरात. तो भाड्याच्या घरात मजेत होता. तू चार वर्षांची होतीस, तुझी आईसुद्धा काही म्हणत नव्हती. पण आपल्या घराण्यात कुणाचंच स्वतःचं घर नव्हतं आणि मला त्याची लाज वाटायची. मी त्याला म्हटलं, "किती दिवस दुसऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकणार आहेस? पुरुष आहेस की पाहुणा?" आठ दिवसांनी तो लोपरसमचं घर बघून आला.

भेगा पडायला लागल्या तेव्हा लोक विचारायचे. मी एकदा म्हटलं, मी त्याला सांगत होते. नुसतं तोंडातून गेलं. मग दुसऱ्यांदा म्हटलं. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी, कॉफी आणि केकच्या वेळी, मी तेच चार जणांना सांगितलं. तुलाही तेच सांगत आले, मार्चमध्येसुद्धा लिहिलं. तो जिवंत असताना त्याच्यासमोर म्हणायचे, रेन्स्के. तो मान खाली घालून कॉफी ढवळायचा. त्यानं मला एकदाही खोटं पाडलं नाही.

भाड्याच्या घराचं जे कौतुक मी तुला ऐकवत असते ना, ते सगळं त्यानंतरचं आहे. स्वतःचं घर मलाही हवं होतं. घ्यायचा धीर नव्हता म्हणून भावाला पुढे ढकललं.

एकदा म्हटलेलं खोटं दुसऱ्यांदा म्हणायला सोपं जातं. तिसऱ्यांदा ते म्हणतोय हे कळतही नाही. मला ज्याला सांगायचं होतं तो आता नाही. तुझी ती बाई अजून आहे. सांग तिला. यावेळी माझं ऐक.

तुझी आत्या


दोर्ड्रेख्त, मंगळवार, २४ मे

आदरणीय रोमाइनबाई,

हे पत्र मी तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं.

आमचं बाळ राहिलं नाही. तुम्ही आम्हाला घर द्यायचं ठरवलंत त्याच सुमारास ते गेलं. मी तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही कागदाचे तुकडे पाठवलेत तेव्हा कळवलं नाही, आणि त्या शनिवारी तुमच्या समोर बसूनही सांगितलं नाही. मी कोट मुद्दाम घातला होता. तुम्ही पुढे केलेलं दुसरं बिस्कीट मी खाल्लं. त्याची मला जितकी लाज वाटते तितकी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

तुम्ही आमच्याहून जास्त देणाऱ्यांना नाही म्हटलंत हे मला माहीत आहे, आणि का म्हटलंत तेही. तुम्हाला हा व्यवहार नको असेल तर सांगा. आम्ही मागे हटतो, करारात लिहिलेला दंड भरतो, कसा ते आम्ही बघू. आम्ही भाड्यानं राहू शकतो, राहतच आलो आहोत. वेसलशी मी फोनवर बोलले. तो म्हणाला, "लिही."

तुमची,
रेन्स्के डायकस्त्रा


डुबेल्डाम, ३१ मे

श्रीमती डायकस्त्रा,

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला वेळ लागला, कारण मला राग आला होता. अजून आहे. तो नाही असं लिहून तुम्हाला बरं वाटावं अशी माझी इच्छा नाही.

मला माझ्या पुतण्यानं मूर्ख म्हटलं होतं, मार्चमध्ये, एवढ्या पैशांवर पाणी सोडलं म्हणून. मी त्याला म्हटलं, त्या खोलीत एक मूल झोपणार आहे, तुझ्या पैशांना झोप येते का? आता तो खोलीला कागद लावून बसलाय आणि मी त्याला काय सांगू?

मागे हटायची गरज नाही. जास्त देणाऱ्यांपैकी तो मोटारवाला माणूस पेअरचं झाड काढून तिथे गाडीसाठी फरशी करणार होता आणि दुसऱ्याचं पत्र छापील होतं. घर तुमचंच. मी दिलेला शब्द मी फिरवत नाही. सह्या दहा तारखेला अकरा वाजता, ठरल्याप्रमाणे.

दुसरं. त्या खोलीला मी आणि माझ्या नवऱ्यानं, आर्येननं, तीनदा कागद लावला होता. १९६६, १९६८, १९७१. चौथ्यांदा इस्त्रीचं टेबल ठेवलं. कॅलेंडर तुम्ही पाहिलंत, तुम्ही आत फार वेळ होतात. तीन ठिकाणी ठिपका आहे. सुईणी तेव्हा म्हणायच्या, नाव नाही तर तारीख कशाला. मी लिहिल्या. आर्येननं कधी विचारलं नाही कशाच्या ते, पण कॅलेंडर फाटलं तेव्हा त्यानं नव्या कॅलेंडरवर सगळी नावं उतरवून काढली आणि ते ठिपकेही उतरवले.

पाच ऑक्टोबर मी खोडरबरनं पुसलं आहे. कॅलेंडर मी माझ्याबरोबर नेणार आहे आणि त्यावर मला लिहायचं आहे. तुम्ही "त्याच सुमारास" असं लिहिलंत. माझ्या कॅलेंडरवर सुमारास लिहायला जागा नाही. तारीख कळवा.

वि. रोमाइन


दोर्ड्रेख्त, २ जून

आदरणीय रोमाइनबाई,

नऊ मार्च. बुधवार, सकाळी.

मी तुम्हाला घरासाठी लिहिलेलं पत्र तुमच्याकडे असेल. त्यावरची तारीख बघा. अकरा मार्च.

मी आत्याला, नवऱ्याला, सगळ्यांना पंधरा सांगितलं. खरी तारीख सुईणबाईंना ठाऊक आहे आणि आता तुम्हाला. तुम्ही विचारेपर्यंत मला ती कुणी विचारलीच नव्हती.

त्या शुक्रवारी मी टेबलाशी बसले तेव्हा मला घर हवं होतं, हे खरं आहे. त्यापलीकडे काही नव्हतं असं मात्र नाही. "आम्ही तिघं" असं लिहिलं आणि कागदावर आम्ही तिघं होतो. मला ते खोडवेना. मग मी पाकीट बंद केलं आणि दलालाच्या पेटीत टाकलं. ते पडल्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं मी काय केलं ते, आणि पाकिटं सोमवारी दुपारी बाराला उघडणार होती, तोवर दलालाला फोन करून ते परत मागता आलं असतं. मी केला नाही.

मी माफी मागत नाही. तुम्ही शब्द दिलात तो तुम्हाला हे माहीत नसताना दिलात, म्हणून तो तुम्हाला परत करते. दहा तारखेला मी नोटरीकडे येईन. तुम्ही नाही आलात तर मला समजेल.

रेन्स्के


डुबेल्डाम, शनिवार, ११ जून

प्रिय आत्या,

वरचा पत्ता बघून तुला कळलंच असेल.

वेसलला मी सह्यांच्या आधी सांगितलं, तो पाच तारखेला परत आल्या आल्या, बॅग जिन्यातच होती. बाळ पंधराला नाही, नऊलाच गेलं होतं. तो खाली गेला आणि शेजाऱ्याची गाडी धुतली. आमच्याकडे गाडी नाही ना. दीड तासानं वर आला, बाह्या ओल्या, आणि म्हणाला, "म्हणजे सहा दिवस तू एकटीच होतीस." मी म्हटलं हो. तो म्हणाला, "मी त्या गुरुवारी फोन केला होता. तू मला जेवलास का विचारलंस." मग तो रडला. तो चिडलाही आहे, आत्या, अजून आहे. पण आता कप ठेवताना आवाज करतो. मला तेच बरं वाटतं.

आणि तुलाही मी खोटं सांगितलं होतं. तू मला "खरं होतं तेव्हा खरं लिहिलंस" असं लिहिलंस, ते पत्र मला सगळ्यात जास्त टोचलं. तू बाबांचं सांगितलं नसतंस तर मी ते ओझं घेऊन तशीच या घरात आले असते.

काल नोटरीकडे आम्ही पावणेअकराला जाऊन बसलो. अकरा वाजून गेले. नोटरीनं घड्याळ बघितलं. वेसलनं माझा हात धरला. सात मिनिटांनी त्या आल्या, पुतण्याच्या हाताला धरून, चांगला कोट घालून. कुणाशी हात मिळवला नाही. नोटरी सगळं वाचत होता तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी सही केली, मोठी, शाळेतल्यासारखी. मग पर्समधून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "नऊ मार्च लिहिलं आहे. शाईनं." आणि पुतण्याला म्हणाल्या, "चल, बस चुकेल."

मी धन्यवाद म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

घर रिकामं होतं. संडासाच्या दाराच्या आत खिळा आहे आणि त्याखाली कॅलेंडरच्या आकाराचा पांढरा चौकोन. मागच्या खोलीतले पक्षी होते तसेच आहेत, तिरके. वेसल म्हणाला काढायचे का, मी म्हटलं नको, तो म्हणाला बरं. पेअरला बारीक फळं धरलीत. आणि पन्हाळ गळतंय, आत्या. मी फोन हातात घेतला आणि मग आठवलं, चिठ्ठी टाकायला कुणी नाही, ते माझंच आहे. हसलीस ना?

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांचा बिस्किटांचा डबा होता. मला आधी वाटलं विसरल्या. मग वाटलं, त्या काही विसरणाऱ्यांतल्या नाहीत. झाकण घट्ट लावलेलं होतं, वेसलला उघडावं लागलं. आत एकच बिस्कीट होतं.

मी ते उभ्या उभ्या खाल्लं. मग झाकण लावलं.

तुझी,
रेन्स्के